उलटा खिळा

पान सत्तेचाळीस, ओळ नववी.
हेर्लेकरांनी लाल शाईनं गोल केलाय.
"एवढा एक शब्द काढू," म्हणाले, "नव्या आवृत्तीत नको.
हल्ली कुणाला काय लागेल सांगता येत नाही.
'गरीब' टाक तिथं. नाहीतर 'गावाबाहेरचा'.
मोठं पुस्तक आहे, एका शब्दावाचून अडायचं नाही त्याचं."
वखारभागातनं हळदीचा ट्रक जातो,
मला शिंक येते,
प्रुफं उडतात. शब्द जागच्या जागी.

तीन अक्षरं आणि एक काना.

आठवीत अवांतर वाचनाचा तास असायचा.
एकेकानं उभं राहून एकेक परिच्छेद.
मी बाकं मोजली, डोकी मोजली,
ही ओळ माझ्याच वाट्याला येणार
हे दोन परिच्छेद आधीच कळलं.
शब्दापाशी आले आणि खोकले.
बाई म्हणाल्या, "गाळू नकोस गं, लेखकाचा शब्द आहे."
मग वाचला.
सगळा वर्ग पुस्तकातनं मान काढून माझ्याकडं बघत होता,
लेखकानं माझा पत्ता दिल्यासारखा.

तेव्हा तो कुणी खोडला असता
तर मी त्याच्या पाया पडले असते.

आज पेन माझ्या हातात आहे.
'गरीब' लिहून बघते.
पुढचं वाक्य: भांडं न टेकवता त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं.
गरिबाला वरून कशाला ओततील?
सांगलीत काय गरीब कमी आहेत,
तांब्या हातात देतातच की त्यांच्या.
'गावाबाहेरचा' लिहिते.
तो तर पाहुणाच वाटायला लागतो,
आत्ताच फाट्यावर एसटीतनं उतरलेला, पिशवीत बुंदीचे लाडू.
शब्द गेला
की ओतणारा हात सुटतो.

माझे आजोबा, तातोबा, याच छापखान्यात खिळे जुळवायचे.
त्यांना अक्षरं उलटी आधी वाचता आली, सुलटी नंतर.
पहिल्या आवृत्तीचं हे पान त्यांनी बसवलेलं.
म्हणजे तो शब्दही त्यांनीच खणातनं वेचला असणार,
एकेक खिळा, शिशाचा, गार.
ज्या शब्दानं गल्लीत हाक यायची
तोच, रोजंदारीवर.

पहिली आवृत्ती वाचनालयात सापडली.
एकोणीसच्या पुरात फुगलेली, दोरीवर वाळवलेली.
कृष्णामाईनं निवडानिवड केली नव्हती,
होतं नव्हतं ते सगळं सारखंच भिजवलं होतं.
सत्तेचाळीस चिकटलं होतं सेहेचाळीसला.
पोस्टकार्ड घालून हळूच सोडवलं.
शब्द होता.
त्यातला मधला खिळा उलटा बसलेला.
एक अक्षर डोक्यावर उभं,
शिरोरेघ तळाशी.

चूक असेल.
कंदिलाखाली डोळा लागला असेल.
पण त्या अख्ख्या पुस्तकात
आजोबांच्या हातची दुसरी चूक नाही.
रात्रभर शोधली.

दुसऱ्या आवृत्तीत कुणीतरी ते अक्षर सरळ केलं.
लेखकाच्या शब्दाला हात लावला
असं तेव्हा कुणी म्हणालं नाही.

प्रुफाच्या समासात मी लिहिलं:
शब्द ठेवावा. पहिल्या आवृत्तीप्रमाणे.
मधलं अक्षर उलटं.

डीटीपीवरची नसीमा म्हणते,
"ताई, असं अक्षर फॉन्टात येत नाही.
चित्र करून चिकटवावं लागेल."
"चिकटव."
"हेर्लेकर विचारतील."
"विचारू देत."
"आणि तुम्ही काय सांगणार?"

ते अजून ठरलेलं नाही.
इतकं सगळं लिहिलं,
आणि तो शब्द इथं कुठंच नाही,
हे तुमच्या लक्षात आलं असेल.
मी तो गाळला
की पुन्हा खोकले,
मलाही नीट सांगता येणार नाही.